पहिला वार

इंदू काटकर माझ्या परसात येऊन उभी राहिली, तेव्हा मी कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजवत होते. चीक चुलीवर असला की हात थांबवून चालत नाही, लगेच गुठळ्या धरतात. पण तिला बघितलं आणि माझा हात थांबला.

"ढवळ, ढवळ," ती म्हणाली. "मी काय भांडायला आले न्हाई."

इंदू म्हणजे यशवंत काटकरची विधवा. आणि यशवंत काटकरच्या खुनासाठी माझा नवरा सर्जेराव जन्मठेप भोगत होता. एकाच गावात दोन गल्ल्या सोडून राहत होतो, पण त्या सगळ्या वर्षांत आम्ही दोघी एक अक्षर बोललो नव्हतो. गिरणीत ती पुढं दिसली की मी दळणाचा डबा तिथंच ठेवून मागं फिरायचे. कोर्टाच्या आवारात एकदा ती माझ्या तोंडावर थुंकली होती. मी पदरानं पुसलं. तिच्या जागी मी असते तर मीही थुंकले असते.

"बसा की," मी म्हणाले.

"बसत न्हाई. बसले तर बोलायचं हुणार न्हाई." तिनं छपराच्या मेढीला हात लावला. "शालन, मी त्या दिवशी तुझ्या मालकाला बघितलं न्हाई."

ती इतकं सरळ म्हणाली की मला आधी कळलंच नाही.

"कोर्टात बघितलं म्हणून सांगिटलं. बोट करून जज्जाला दाखवला. पण तो न्हवता. पोपट शेडग्याला बघितला, त्याच्यासंगं तिघं हुते त्यास्नी बघितलं. तुझा मालक न्हवता. त्याचं नाव माझ्या दिरानं घालाय लावलं. म्हणला, सर्जेराव भाऊसाहेबाचा उजवा हात हाय, तो भाईर ऱ्हायला तर आपल्याला गावात जगू देणार न्हाई. मी बरं म्हणलं. माझ्या पुढ्यात माणसाचं मढं हुतं, शालन. त्या वक्ताला कुणी तुझं नाव घाल म्हणला असता तरी मी घातलं असतं."

चीक तळाला लागल्याचा वास सुटला. मी हंडा खाली उतरवला नाही. आमच्या भागात फिर्याद अशीच लिहितात. मारणारे चार असले तरी त्या बाजूची उठबस करणारी सगळी नावं घालून टाकायची. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात म्हणे. आमच्याकडं चोराच्या पंगतीतच संन्याशाचं पान मांडतात.

"मग आज काय झालं?" मी विचारलं.

"दीर गेला भाऊसाहेबाच्या पार्टीत. परवा गळ्यात उपरणं घालून आला. ज्याच्या माणसांनी पाठचा भाऊ मारला, त्याच्याच गाडीत मागं बसून गावातनं मिरवला. मग मी कुणासाठी खोटं धरून बसू?"

खरं काय ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि भर कोर्टात मी ते सांगितलंही होतं. निवडणूक पंचायत समितीची होती आणि भाऊसाहेब स्वतः उभे होते. आमचे मालक भाऊसाहेबांचे कार्यकर्ते, म्हणजे सतरंज्या घालण्यापासून सतरंज्या गुंडाळण्यापर्यंत सगळी मानाची कामं त्यांच्याकडं. भाऊसाहेबांनी आपल्या मळ्यात मतदारांना मटणाचं जेवण घातलं होतं. उरलेला रस्सा कल्हई उडालेल्या तांब्याच्या हंड्यात तसाच राहिला, कळकला, आणि आमच्या मालकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथंच बसून तो भाकरीबरोबर पुन्हा हाणला. घरी आले ते पोट धरूनच. दुपारपर्यंत त्यांच्या हातातलं टमरेल सुटलं नाही. मी कुड्याची साल उगाळून पाजली, पोटाला शेक दिला. उंबरा ओलांडायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. त्याच दुपारी भैरोबाच्या पारावर यशवंत काटकरला कुऱ्हाडीनं मारलं. तो विरोधी पार्टीचा उमेदवार होता, आणि त्याचा गुन्हा एवढाच की तो निवडून येणार होता. गावात बोंब उठली तेव्हा मी ह्यांच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होते.

मालक त्या दुपारी जुलाबानं घरातच पडून होते, हे मी पिंजऱ्यात उभी राहून सांगितलं. लेक कडेवर होती. नवऱ्याच्या जुलाबाची हकीकत परक्या पुरुषांपुढं सांगायची म्हणजे काय असतं ते ज्या बाईनं सांगितली तिलाच कळेल. सरकारी वकिलांनी मला विचारलं, "आदल्या दिवशी घरात काय केलं होतं?"

"बेसन-भाकरी."

"तुम्हीही तेच जेवलात?"

"व्हय."

"तुम्हाला काही त्रास झाला?"

"न्हाई."

कोर्टात खसखस पिकली. "मग ह्यांनाच कसा झाला?"

"हे भाईर जेवले हुते."

"कुठं?"

इथं मी थांबले. आमचा वकील भाऊसाहेबांनीच दिलेला. त्यानं बजावून ठेवलं होतं की मळ्यातल्या जेवणाचा शब्द निघाला तर मतदारांना जेवण घातलं म्हणून साहेबांची निवडणूक रद्द होईल. आणि वकिलाचं मी ऐकलं नसतंही, पण खुद्द मालकांनी मला लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. साहेब आपल्याला वाऱ्यावर सोडणार न्हाईत, म्हणाले. मी गप्प उभी राहिले. जज्जसाहेबांनी पुन्हा विचारलं, मी गप्पच. निकालात माझ्यावर एक वाक्य होतं की आरोपीच्या पत्नीची साक्ष विश्वासास पात्र नाही. गावानं त्याचं सोपं मराठी केलं, शालन खोटारडी. हायकोर्टातही तेच कायम झालं. भाऊसाहेबांची जागा शाबूत राहिली आणि माझा शब्द गेला. लेकीला स्थळं आली की पाहुण्यांना आधीच कुणीतरी सांगायचं, आई कोर्टात खोटं बोललेली बाई आहे, जपून. बाप खुनी असण्याचं लोकांना तेवढं वाटत नव्हतं.

आता इंदू माझ्या चुलीसमोर उभी राहून तो शब्द परत देत होती.

"तू म्हणशील तिथं येते," ती म्हणाली. "म्हणशील त्याच्यापुढं सांगते."

"इंदूताई, खोटी साक्ष दिली म्हणून तुम्हालाच आत टाकतील."

"टाकू देत. तू पोर कडेवर घेऊन खरं बोलत हुतीस आन् मी तुझ्या तोंडावर थुंकले. मला जेवण गोड लागत न्हाई गं."

ती गेली. चीक पार करपला होता. मी तो म्हशीपुढं टाकला आणि मनसोक्त रडले.

तालुक्याच्या वकिलाला विचारलं, तर तो म्हणाला, मुख्य साक्षीदारच फिरली तर वर काहीतरी करता येईल, वेळ लागेल पण रस्ता आहे. मी जेलमध्ये मुलाखतीला गेले. जाळीपलीकडं मालक येऊन बसले. केस पांढरे झाले होते. दर मुलाखतीला त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "शालन, मी न्हवतो गं तिथं." जसं काही मला पटवायचं बाकी होतं.

मी त्यांना इंदूचं सगळं सांगितलं. मला वाटलं, उड्या मारतील. ते खाली बघत राहिले.

"हे भाऊसाहेबांना सांगिटलंस का?"

"त्यास्नी कशाला?"

"आपलं सरकार आलंय," ते म्हणाले. "साहेब मंत्री झाल्यात. राजकीय केसमधल्यांची ऱ्हायलेली शिक्षा माफ करणार हायेत. आमची पाचांची नावं वर गेल्यात."

"माफी केलेल्याला असती. तुम्ही काय केलंय?"

"हळू बोल."

"हळू का बोलू? इंदूताई तयार हाय. तुम्ही निर्दोष सुटाल. उजळ माथ्यानं याल."

"कवा?"

वकिलानं वर्षांच्या भाषेत सांगितलं होतं.

"माफी ह्या महिन्यात हुतीय," ते म्हणाले. "घरी येऊ का नको मी?" आणि जाळीला कपाळ लावून रडायला लागले. शेजारच्या मुलाखतीची माणसं बघायला लागली.

मी काही दगड नव्हते. नवरा घरी यावा असं मलाही वाटत होतं, तरणीताठी होते तेव्हापासून वाटत होतं. "या तुम्ही," मी म्हणाले. "माफी तर माफी. पण आल्यावर सगळ्यांपुढं एकदा सांगा, मी तिथं न्हवतो, माझ्या बायकोनं खरं सांगिटलं हुतं. मला बाकी काय नको."

"पहिल्याच सभेत सांगतो. लेकीची आण."

इंदूला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग मी पण तवाच सांगते. पारासमोरच दार हाय माझं. त्यानं तोंड उघडलं की मी येऊन हुभी ऱ्हाते." तिच्या घराच्या उंबऱ्यातून भैरोबाचा पार दिसतो. यशवंताला तिनं तिथूनच मरताना बघितलं होतं.

पार्टीनं सत्काराची सभा त्याच पारावर ठेवली. चुकून नाही, मुद्दाम ठेवली. पारावर मांडव घातला, वर बोर्ड लावला, 'पाच वाघांचे स्वागत'. जेलच्या दारापासून गावापर्यंत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मिरवणूक आली. हलगी, फटाके, गुलाल. सगळ्या पारावर गुलालाचा थर बसला होता आणि मी कडेकडेनं पाय टाकत गेले. तिथं आधी काय सांडलं होतं ते त्या गर्दीतल्या अर्ध्याजणांनी डोळ्यांनी बघितलं होतं. तेच लोक आता पेढे खात होते.

महिला आघाडीच्या बाईनं माझ्या हातात औक्षणाचं ताट दिलं. "हसा की वहिनी," ती म्हणाली. मी हसले. मला तर हसायचं कारणही होतं. मी मालकांना ओवाळलं, कुंकू लावलं आणि हळूच म्हणाले, "ध्यानात हाय न्हवं?" त्यांनी मान हलवली.

मग फेटे बांधायचा कार्यक्रम झाला. फेटे बांधायला कोण पुढं आला, तर महादेव काटकर, इंदूचा दीर. मेलेल्याचा सख्खा भाऊ. एकेकाच्या डोक्याला फेटा गुंडाळत होता, शेमला सारखा करत होता, पाठ थोपटत होता. पोपट शेडग्याला तर त्यानं मिठी मारली. पोपटाची कुऱ्हाड ह्याच्या भावाच्या मानेत बसली होती, कोर्टात ती पुराव्याला ठेवली होती. फोटोवाला म्हणाला, नीट आलं नाही, परत मारा. तर परत मारली. मी ताट खाली ठेवलं आणि समोर इंदूच्या दाराकडं बघितलं. ती उंबऱ्यात उभी होती, पदर डोक्यावरून घेतलेला. तिनंही ती मिठी बघितली असणार.

भाऊसाहेब बोलायला उभे राहिले. पांढरंधोप, गोल, गोड माणूस. "ह्यांनी गुन्हा केला असं कोण म्हणतं?" ते म्हणाले. "कोर्ट म्हणतं. कोर्टाला कायद्याची भाषा कळते, जनतेची कळत नाही. ती कळायला सरकार लागतं. आज आपल्या सरकारनं ह्या पाच जणांचा वनवास संपवला." टाळ्या झाल्या. यशवंताचं नाव कुणी घेतलं नाही. जसं काही ह्या पाचांनी कुणाला मारलंच नव्हतं, नुसतीच शिक्षा भोगली होती. पुढं म्हणाले, "येत्या पंचायत समितीच्या निवडणुकीत ह्या गणातनं आपला उमेदवार ह्या पाचांतलाच असंल. कोण, ते तुम्हीच सांगा." आणि माईक आमच्या मालकांच्या हातात दिला.

मालकांनी माईक दोन्ही हातांनी धरला. इतक्या वर्षांत त्यांना एवढ्या माणसांची सवय राहिली नव्हती.

"मंडळी," ते म्हणाले, "त्या दिवशी..." आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. पलीकडं इंदूनं एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला.

"त्या दिवशी मी..."

"वाघ आला रे," गर्दीतून कुणीतरी ओरडलं. शिट्ट्या वाजल्या. फटाक्यांची एक माळ लागली. ती संपेपर्यंत मालक थांबले. भाऊसाहेबांनी मागून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माळ संपली तेव्हा माझा नवरा ताठ उभा होता.

"त्या दिवशी पहिला वार माझा हुता," तो म्हणाला.

नवऱ्याला अहो-जाहो करायची आमच्यात रीत आहे. तोंडावर मी अजूनही करते. मनातून ती त्या वाक्याला सुटली ती सुटलीच.

पारासमोर नुसता जल्लोष उसळला. गुलाल उडाला. महादेव काटकर टाळ्या वाजवत होता. सर्जेराव पुढं बोलतच राहिला. कुऱ्हाड कशी उचलली, यशवंत कसा मागं सरला, पाया कसा पडला. एकेक गोष्ट त्याला सुचत गेली आणि लोक तोंडं उघडी टाकून ऐकत गेले. ज्या वेळेला हे घडलं त्या वेळेला हा माणूस माझ्या मांडीवर डोकं ठेवून कण्हत होता.

पोपट शेडगे माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता. तो फेटा सावरत पलीकडच्याला म्हणाला, "आयला, ह्यो कवा आला हुता?" त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. माणूस ह्यानं मारला आणि उमेदवारी चालली दुसऱ्याकडं. आयत्या बिळावर नागोबा.

"पोपटराव," मी म्हणाले, "तुम्हाला तर म्हाईत हाय. उठा आन् सांगा."

पोपटानं भाऊसाहेबांकडं बघितलं. भाऊसाहेबांनी त्याच्याकडं बघितलं. "जाऊ द्या वहिनी," तो म्हणाला. "आता कुणाचा का असंना. झालं ते झालं."

मी उठले आणि सर्जेरावच्या हातातला माईक घेतला. तो दचकला, त्याला वाटलं मी हार घालायला आले.

"हे खोटं हाय," मी म्हणाले. माईकमधून माझाच आवाज अंगावर आला. "हे त्या दिवशी घरात हुते. ह्यास्नी जुलाब लागले हुते. भाऊसाहेबांच्या मळ्यात जेवले हुते, तिथला रस्सा कळकला हुता. मी कोर्टात सांगिटलं हुतं, आत्ता परत सांगते. हे पारावर आलेच न्हाईत."

क्षणभर चिडीचूप झालं. मला वाटलं, ऐकलं लोकांनी. मग भाऊसाहेबांनी हळूच माईक माझ्या हातातून काढून घेतला. रागावले वगैरे नाहीत. हसले.

"बघा मंडळी," ते म्हणाले, "अशी बायको पाहिजे. आमच्या वहिनी अजून साक्षच देत्यात." माझ्याकडं वळून म्हणाले, "वहिनी, केस संपली. आता खरं बोललं तरी चालतंय."

सगळं गाव हसलं. बायकाही हसल्या. वाईट हसणं नव्हतं ते, कौतुकाचं होतं. त्या हसण्यापेक्षा इंदूची थुंकी मला परवडली असती.

मी मांडवाच्या मागं गेले. सर्जेराव मागोमाग आला. फेट्याचा शेमला छातीवर, कपाळावर माझंच कुंकू.

"काय केलंत हे तुम्ही?" मी विचारलं. "लेकीची आण घातली हुती."

"ऐकून घे."

"यशवंताला तुम्ही मारलं?"

"न्हाई मारलं. तुला म्हाईत हाय न्हाई मारलं."

"मग?"

त्यानं आजूबाजूला बघितलं. "मग काय सांगू लोकांना? हागवण लागली म्हणून घरात हुतो आन् फुकट जेलात कुजलो? निर्दोष म्हणून आलो तर मी येडा ठरतो, शालन. सगळी उमर गेली माझी, ती कशासाठी गेली म्हणून सांगू? मारलं म्हणून आलो तर वाघ तरी हाय. बघितलंस न्हवं, कशी माणसं उठली ती. उमेदवारी देत्यात साहेब."

"आन् मी कोण ठरले?"

त्याला खरंच कळलं नाही. "तुला कोण काय म्हणतंय?" तो म्हणाला. "तुझं तर कौतुक झालं."

त्याच्या तोंडाला पेढ्याचा वास येत होता. मला शिसारी आली. जो माणूस इतकी वर्षं जाळीपलीकडून मी न्हवतो गं म्हणत होता, तो खरं बोलत होता आणि मी त्या खऱ्यावर माझं सगळं आयुष्य टांगलं होतं. आता ते खरं त्यालाच नको झालं होतं. न केलेल्या खुनाची माफी घेतली आणि माफी मिळाल्यावर खून उचलला. असला सौदा मी कुठं बघितला नव्हता. त्याला तिथंच सोडून मी पार ओलांडला आणि इंदूच्या घराकडं धावले. गावात एक माणूस उरलं होतं ज्याला खरं ठाऊक होतं आणि सांगायचंही होतं. दोघी मिळून वकिलाकडं जाऊ, नवऱ्याच्या सुटकेसाठी आता नाही, माझ्यासाठी जाऊ, असं मनात घोळत होतं.

इंदू आत भुईवर बसली होती, भिंतीला टेकून. तिचा पदर डोक्यावरून उतरला होता. ती रडून मोकळी झालेली दिसत होती. इतकी शांत मी तिला कधी बघितली नव्हती.

"इंदूताई, ऐकलंत न्हवं? धडधडीत खोटं बोलले. चला, आत्ताच्या आत्ता पारावर चला. तुम्ही सांगा."

"काय सांगू?"

"तुम्ही ह्यास्नी बघितलं न्हाई ते."

ती म्हणाली, "बस शालन."

"बसायला येळ न्हाई."

"बस गं. माझ्या उरावरचा धोंडा उतरलाय आज. मला वाटत हुतं, मी निष्पाप माणसाला आत घातलं. न्हाई घातलं. मी बघितलाच हुता त्याला."

"तुम्ही न्हाई बघितलं. माझ्या परसात हुभं ऱ्हाऊन तुम्हीच म्हणालात."

"म्हणले. किती वर्सं झाली, गर्दी हुती, धुरळा हुता. डोळ्याला दिसलं असंल, मनात ऱ्हायलं नसंल. आता त्यानं सोता सांगिटलं. कुऱ्हाड कशी उचलली, माझा मालक कसा मागं सरला, सगळं सांगिटलं. मालक मागं सरला हुता, शालन. मी बघितलंय. तिथं नसता तर त्याला कसं कळलं असतं?"

खटल्यात सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं, शेवटच्या शब्दापर्यंत. तेच त्यानं पारावर बोलून दाखवलं होतं. मी हे तिला सांगितलं. लेकीची शपथ घेऊन सांगितलं, भैरोबाकडं हात करून सांगितलं. ती ऐकत होती. आजाऱ्याचं बरळणं ऐकावं तसं मायेनं ऐकत होती. मला दिसलं की हिला आता मी काहीही सांगितलं तरी उपयोग नाही. माझं खरं मानायचं तर तिला पुन्हा तो धोंडा उचलावा लागला असता, आणि कोण उचलेल. मी तिच्यावर रागावूही शकले नाही.

बाहेर पेढे वाटायला सुरुवात झाली होती. कुणीतरी स्पीकरवर सर्जेरावचं नाव घेऊन घोषणा देत होतं.

इंदू उठली. माझ्याजवळ आली, माझ्या तोंडावरून हात फिरवला, त्याच तोंडावरून.

"नवऱ्यासाठी बाई खोटं बोलतीच," ती म्हणाली. "मी असते तर मी पण बोलले असते. मनाला लावून घेऊ नको. माझ्या मनात काय न्हाई. जा, तुला मी माफ केलं."

ती मनापासून म्हणाली. मी बरं म्हणाले आणि घरी आले.